मॅकरोनी नावाचा मासा

चनबसप्पा कोनापुरे सरांनी एकोणीस वर्षांच्या नोकरीत भूगोलाच्या तासाला एकही प्रश्न अनुत्तरित ठेवला नव्हता, आणि पुढची सगळी भानगड त्यांच्या ह्या एकाच सद्गुणातून उभी राहिली.

आठवीच्या पुस्तकात इटलीवर दीड पान होतं. त्यात एक वाक्य असं होतं: 'येथील लोक समुद्रकिनारी मासेमारी करतात व मॅकरोनी आवडीने खातात.' १९५९ साली, सरांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, सर, मॅकरोनी म्हणजे काय? सरांनी मॅकरोनी पाहिली नव्हती, ऐकली नव्हती, आणि नव्या शिक्षकानं 'बघून सांगतो' म्हटलं की वर्ग डोक्यावर बसतो अशी त्यांची पक्की समजूत होती. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात मासे आहेत म्हटल्यावर दुसऱ्या अर्ध्यातही मासेच असणार, असा हिशेब त्यांनी एका श्वासात केला आणि सांगून टाकलं की मॅकरोनी हा एक मासा आहे.

तिथंच थांबले असते तरी निभावलं असतं. पण दरवर्षी नवी मुलगी उठायची, नवी शंका काढायची, आणि सर माशात भर घालायचे. तो हातभर लांब झाला. त्याचा रंग पांढरट पडला. त्याला काटा नसतो हे दुसऱ्याच वर्षी जाहीर झालं. घरात चार पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा आणलेलं नाही, आणि हा गळ्यात लिंग असलेला माणूस सोलापूरच्या भवानी पेठेतल्या राहत्या घरातून रोज चालत शाळेत जाऊन पोरींना माशाची चव सांगत होता. दीडेक हजार मुली तो मासा घेऊन सासरी गेल्या.

१९७८ च्या मार्चमध्ये शिक्षण खात्यानं ज्येष्ठ शिक्षकांची बैठक बोलावली. खात्यात नव्यानं आलेल्या तपासणी अधिकारी विजयमालाबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्या कोनापुरे सरांच्याच विद्यार्थिनी. पुस्तकी शिक्षणानं काय होतं ह्याचं उदाहरण म्हणून त्यांनी आपलीच गोष्ट सांगितली. मॅट्रिकनंतर शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला त्या पुण्याला गेल्या. समोर तिघे गृहस्थ. त्यांनी विचारलं, इटलीतले लोक काय खातात? ही मुलगी ताठ मानेनं म्हणाली, मॅकरोनी नावाचा मासा, आणि त्याला काटा नसल्यामुळे तो लहान मुलांनाही देता येतो. तिघे इतके हसले की एकाला चष्मा काढून पुसावा लागला. मॅकरोनी गव्हाची असते हे त्यांनी सांगितलं ते निरोप देताना. शिष्यवृत्ती दुसरीला मिळाली, आणि विजयमालाबाईंना एक वर्ष घरी बसावं लागलं. हे कोणत्या सरांनी शिकवलं ते मी सांगणार नाही, असं म्हणून त्या खाली बसल्या.

सभागृह हसलं. कोनापुरे सरही हसले, आणि शेजारच्यांच्या मते सर्वांत मोठ्यानं हसले. त्या हसण्याची लाज त्यांना बैठक संपायच्या आतच वाटायला लागली. ते उठून बाईंकडे गेले, तोंड उघडलं, आणि म्हणाले, चहा चांगला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. एका मुलीचं वर्ष आपल्यापायी गेलं, आता काय करू, असा त्यांचा सूर होता. सावित्रम्मांना त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकू आला.

"मासा?" त्या म्हणाल्या. "आपल्या घरात ऱ्हाऊन तुमी मासा शिकवलाव?"

पुढचे दोन दिवस घरात ह्याच विषयावर बोलणं झालं. इटली, पुणे, शिष्यवृत्ती हे सगळं बाजूला पडलं. निदान वांगं तरी सांगायचं होतं, असं सावित्रम्मांचं म्हणणं होतं.

सोळा दिवसांनी विजयमालाबाई सरांच्याच शाळेच्या तपासणीला येणार होत्या. माफी मागायची हे सरांनी ठरवलं होतं, पण जीभ चहाच्या पलीकडे जात नाही हेही कळलं होतं. म्हणून त्यांनी बाईंना घरी जेवायला बोलावून खरी मॅकरोनी वाढायची ठरवली. ताट पुढं ठेवलं की शब्द आपोआप येतील, असा त्यांचा अंदाज होता. शिवाय, खरं सांगायचं तर, आता त्यांना स्वतःलाच चैन पडत नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या पदार्थाबद्दल आपण इतकं बोललो तो दिसतो तरी कसा, हा किडा डोक्यात वळवळायला लागला होता.

मुख्याध्यापकांनी बेत ऐकताच कपाटातून परिपत्रक काढलं. तपासणी अधिकाऱ्यांनी शिक्षकांचा पाहुणचार स्वीकारू नये, असं त्यात साफ लिहिलं होतं. मुख्याध्यापक वाईट मनाचे नव्हते, भित्रे होते. बराच वेळ विचार करून त्यांनीच वाट काढली की मॅकरोनी ही भोजन म्हणून न आणता शैक्षणिक साधन म्हणून वर्गात आणावी. इटलीच्या पाठाचं प्रात्यक्षिक. त्यासाठी छापील फॉर्म होता. 'साधन टिकाऊ की नाशवंत' ह्यापुढं सरांनी नाशवंत लिहिलं. 'वापरानंतर साधन कोठे ठेवणार' ह्यापुढं त्यांनी 'विद्यार्थिनींच्या पोटात' असं खरं ते लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते खोडून 'नियमाप्रमाणे' असं घातलं.

म्हणजे माफी आता एकेचाळीस मुलींच्या देखत मागायची होती. हे सरांच्या ध्यानात फॉर्मवर सही झाल्यावर आलं.

आता मॅकरोनी करतात कशी? मिशनच्या दवाखान्यात सिस्टर रोझा नावाच्या म्हाताऱ्या इटालियन नर्सबाई होत्या. तीस वर्षं विजापूरकडे काढल्यामुळे त्यांना मराठी बेताची आणि कानडी फर्डी येत असे. सर रुग्णांच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर काय होतंय असं सिस्टरनी विचारलं, तेव्हा मला मॅकरोनी होतेय असं काहीसं ते बोलून गेले. सिस्टरनी आधी त्यांची जीभ बघितली. मग सगळा खुलासा झाल्यावर त्या हसल्या आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या.

त्यांच्या गावी थंडी सरली की त्यांची आई पदराचा ओचा करून रानात जायची आणि फुकट उगवलेला पाला खुडून आणायची. एक कडू पान, मोडलं की दूध येणारं, पिवळ्या फुलाचं. एक जाड बुटकं पान, जरा आंबट. जे सापडेल ते. ते उकडायचं, लसणीबरोबर तेलात परतायचं, त्यात उकडलेली मॅकरोनी घालायची, वरून जुनं वाळलेलं चीज किसायचं. झालं. तिखट घालायचं नाही, हे त्यांनी बोट वर करून दोनदा सांगितलं. आणि मॅकरोनी दिसते कशी, ह्यावर त्या कानडीत म्हणाल्या, "दप्पन श्याविगी, वळग तूत." म्हणजे जाड शेवई, आत भोक असलेली.

सर खुशीत घरी आले. त्यांच्या शाळेत मराठी शिकवणारे महिपती सर करकंबचे, आणि तिकडं त्यांच्या भावकीत शेवयांचं यंत्र होतं. सरांनी त्यांना चिठ्ठी लिहून दिली. घरात सगळे शेवईला श्याविगी म्हणत, त्यामुळे हात त्याच वळणानं गेला, आणि मराठीत लिहितोय ह्याचं भान ठेवून त्यांनी तो शब्द जरा सुधारला: 'गावाहून येताना जाड शेवगी आणावी. लांब, नळीसारखी. दोन शेर.'

सोमवारी महिपती सर टांग्यातून उतरले ते शेवग्याच्या शेंगांचं पोतं घेऊन. जाड, लांब, नळीसारख्या. दोन शेरांत काय होतंय म्हणून त्यांनी झाडच उतरवून आणलं होतं, फुलापाल्यासकट. शेवया कुठं आहेत, असं कोनापुरे सरांनी विचारलं. महिपती सरांनी चिठ्ठी खिशातून काढून दाखवली आणि शेवगा, शेवगी, शेवई ह्यांची व्युत्पत्ती पाऊण तास समजावून दिली. त्या आठवड्यात भवानी पेठेतल्या त्या सबंध आळीत शेवग्याची आमटी झाली, आणि मास्तरांकडं कसलं कार्य हाय, असं लोक एकमेकांना विचारू लागले.

मग सरांनी मुंबईला मेहुण्याला, मडिवाळप्पाला, पत्र टाकलं, इंग्रजी अक्षरांत शब्द लिहून. तिकडची सोय होईपर्यंत इकडं पाला शोधायचा होता. सर शिस्तीचे. रानात जाऊन वाटेल ते उपटण्याआधी पान खाण्याजोगं आहे की नाही ह्याची अधिकृत खात्री करून घ्यावी, म्हणून सिस्टरच्या वर्णनावरून त्यांनी पानाचं चित्र काढलं आणि ते घेऊन शेतीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं चित्र सरळ धरून, उलटं धरून पाहिलं आणि सरांना तणांच्या विभागात पाठवलं. तण कुठल्या गटात आलंय, किती एकरांवर पसरलंय, असं तिथं विचारलं. सर म्हणाले, मला ते हवंय. असा अर्जदार त्या खात्याकडं आजवर आला नव्हता. शेवटी एका जाणत्या माणसानं सांगितलं की ही पाथरी, तण आहे, दिसताक्षणी उपटून नष्ट करावं. खाता येतं का, ह्यावर तो म्हणाला की खाण्याबाबत आमच्याकडं काही आदेश नाही, सातबाऱ्यासह अर्ज केलात तर वर विचारता येईल. सरांना नायनाटाची माहितीपत्रिका मात्र तिथल्या तिथं मिळाली.

रविवारी ते अक्कलकोट रस्त्यानं रानात गेले. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री, एका हातात पत्रिका आणि दुसऱ्या हातात पिशवी. ज्वारी निघाली होती, पण एका विहिरीच्या पाटाकडेला हिरवं दिसत होतं. सर तिथं वाकून पत्रिकेतलं चित्र आणि जमिनीवरचं पान ताडून पाहू लागले. चार पावलं पुढं, पुन्हा वाकून पाहणं. रानाचा मालक निंगप्पा बांधावर उभा राहून हे बघत होता. तो धावतच खाली आला, बायकोला चहा ठेवायला हाक मारली, आणि सरांच्या पुढं हात जोडून उभा राहिला.

"सायेब, हितनं रस्ता न्हेऊ नका," तो म्हणाला. "पलीकडनं न्ह्या. तितं माज्या भावाचं रान हाय."

आपण रस्त्याच्या मोजणीचे नाही हे सरांनी सांगून पाहिलं. निंगप्पाला ते नेहमीचं वाटलं, कारण मोजणीचे लोक आधी नाहीच म्हणतात. भावाचं रान किती सपाट आहे हे त्यानं चालवत नेऊन दाखवलं. बाजेवर घोंगडं पडलं, चहा झाला, दुसरा झाला. शेवटी सरांनी पिशवी उलटी केली. आतून चार पाथरीची रोपटी पडली. निंगप्पानं ती पाहिली, सरांच्या कोटाकडं पाहिलं.

"भाजी उपटायला कोट घालून आलाव व्हय?" तो म्हणाला, आणि चहाच्या कपबशा स्वतः उचलून आत गेला. सरांचा आयुष्यात इतका अपमान शाळाखात्यानंही कधी केला नव्हता.

निंगप्पाची बायको बसव्वा मात्र हसून हसून बेजार झाली होती. ती सरांजवळ येऊन बसली आणि तिनं एकेक पान हातात देऊन नाव सांगितलं. ही पाथरी, आमी हक्करकी म्हंतो. ही घोळ, चावून बघा, आंबट लागंल. पाथरी शिजवतात कशी, असं सरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की शिजवायची कशाला, धुवायची आणि भाकरीसंगं शेंगाच्या चटणीला लावून खायची. इटलीत असली पानं शिजवून खातात हे ऐकून तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "तितल्या रानात पण खुरपायला कोन न्हाय व्हय?" सरांनी उत्तर ठाऊक असल्यासारखी मान हलवली. बुधवारी दूध घालायला पेठेत येते तेव्हा ताजा पाला आणून देते, असं बसव्वानं कबूल केलं.

तपासणी गुरुवारी होती. सोमवारी मुंबईचं पाकीट आलं. सरांनी ते देव्हाऱ्यापुढं उघडलं. पिवळसर, बोटभर, आत भोक असलेल्या नळ्या. सरांनी एक उचलून डोळ्याला लावून तीतून खिडकीबाहेर पाहिलं. एकोणीस वर्षांचा मासा शेवटी हातात आला होता, आणि तो इतका साधा होता की सरांना थोडं वाईटच वाटलं. ती एक नळी त्यांनी खिशात टाकली आणि शाळेत गेले.

प्रवासात माल दमट झाला असेल, किडा लागेल, म्हणून सावित्रम्मांनी नळ्या ताटात काढून शेजारच्या मथुराबाईंच्या अंगणात उन्हाला ठेवल्या आणि त्या रॉकेलच्या रांगेत उभ्या राहायला गेल्या. मथुराबाई करमाळ्याच्या. नवऱ्याच्या कापडाच्या दुकानामुळं बारा वर्षं भवानी पेठेत होत्या, आणि शेजाऱ्याचं काम पडलेलं बघवत नाही असा त्यांचा स्वभाव. उन्हात नळ्या म्हणजे तळायच्या नळ्या, पोरं बोटांत घालून खातात त्या. सावित्रम्मांच्या घरात रॉकेल नाही, त्या तळणार कशावर, असा मायेचा विचार करून मथुराबाईंनी स्वतःची कढई चढवली.

पहिली मूठ फुलली नाही. तेल तापलं नसेल म्हणून त्यांनी जाळ वाढवला. दुसरी मूठ तांबडी झाली पण फुलली नाही. मग त्या इरेला पेटल्या. सर शाळेतून आले तेव्हा अख्खं पाकीट तळून परातीत पडलं होतं, आणि मथुराबाई दाढेला हात लावून बसल्या होत्या. मास्तर, तुमाला कुणीतरी फशिवलंय, ह्या नळ्या जुन्या हायत, असं त्यांनी सांगितलं.

सर परातीशेजारी खाली बसले. बैठकीपासूनचं सगळं त्यांनी मथुराबाईंना सांगितलं, त्या मुलीचं वर्ष कसं गेलं ते, आणि आपण मोठ्यानं हसलो तेही. त्यांनी खिशातली उरलेली एकुलती एक कच्ची नळी काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाले की हीच ती मॅकरोनी, कणकेची, पोकळ, जगात फक्त इटलीत होणारी.

मथुराबाईंनी नळी उचलली, वळवून पाहिली, दाताखाली धरली.

"आवं मास्तर, हे तर सरगुंडं की," त्या म्हणाल्या.

सरांनी नळी परत घेऊन पुन्हा डोळ्याला लावली.

"दरसाल चैतात करते मी. सरकाडीवर कनिक गुंडाळायची, वळायची, काडी काडून घ्यायची, वाळवायचं. हितंच तर वाळत घालते, तुमच्या दारात. गुळवन्याबरूबर वाडते की तुमाला. मागच्या साली तीनदा मागून घेतलं तुमी."

हे खरं होतं. बारा उन्हाळे त्या अंगणात बाजेवर पांढरं धोतर पसरून सरगुंडे वाळत होते. शाळेत इटलीचा पाठ शिकवून घरी येताना सर रोज त्यांच्यावरून छत्रीची सावली पडू नये म्हणून वळसा घालून जात असत. सरांनी कोट काढला, हात धुतले आणि मला शिकवा म्हणाले.

मंगळवारभर मथुराबाई आणि सावित्रम्मा सरगुंडे वळत होत्या. सरांनीही वळले. त्यांच्या सरगुंड्यांना काडी सोडवेना, तेव्हा त्यांना काड्या पुसायच्या कामावर बसवण्यात आलं. संध्याकाळी एक सरगुंडा कागदात गुंडाळून ते सिस्टर रोझांकडं गेले. सिस्टरनी कागद उघडला. सरगुंडा बोटांत धरून फिरवून पाहिला. मग त्यांनी सांगितलं की पाकिटातली मॅकरोनी शहरातली. त्यांच्या आईकडं यंत्र कुठलं, ती मोडक्या छत्रीची तार घेऊन तिच्यावर कणीक गुंडाळायची. अगदी अशीच. तो सरगुंडा त्यांनी परत दिला नाही, आणि सरांनीही मागितला नाही.

गुरुवारी पहाटे चुलीपाशी खरी लढाई झाली. पाला उकडला, त्यात महिपती सरांच्या पोत्यातली, वाळवून ठेवलेली शेवग्याची फुलं पडली. करडईच्या तेलात लसूण चुरचुरली. तिखट नाही, असं सरांनी जाहीर केलं. मथुराबाईंच्या मते बिनतिखटाचं अन्न आजाऱ्याला देतात आणि त्यालाही नाइलाजानं. सावित्रम्मांनी नुसता नावाला काळा मसाला घालू का विचारलं. सर पातेल्यासमोर छत्री आडवी धरून उभे राहिले. वरून किसायचं जुनं चीज मात्र सोलापुरात कुठून आणणार? ह्या एका मुद्द्यावर दोघी जिंकल्या, आणि वरून शेंगाची चटणी पडली. ती किती पडली हे सरांनी पाठ फिरवल्यामुळं पाहिलं नाही.

तिसऱ्या तासाला शैक्षणिक साधन झाकण लावून टेबलावर आलं. मागच्या बाकावर विजयमालाबाई तपासणीचा फॉर्म घेऊन बसल्या. व्हरांड्यात, काही नसल्यासारखं करत, सावित्रम्मा आणि मथुराबाई उभ्या होत्या. सरांनी फळ्यावर इटली काढली. पाठाच्या टाचणात तिसऱ्या क्रमांकाला 'मागील चुकीची दुरुस्ती' असं लिहिलं होतं. पहिले दोन मुद्दे त्यांनी जितके लांबवता येतील तितके लांबवले. द्राक्षं झाली, ज्वालामुखी झाला. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"मुलींनो," सर म्हणाले, "ह्या शाळेत एकोणीस वर्षं एका शिक्षकानं मॅकरोनी हा मासा आहे असं शिकवलं. तो मासा नाही. तो शिक्षक मी. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी ठोकून दिलं. माझ्या एका विद्यार्थिनीचं त्यापायी परक्या लोकांत हसं झालं. चूक माझी होती."

लगेच त्यांनी झाकण काढलं आणि वाढायला सुरुवात केली. पहिल्याच बाकावरून आवाज आला की सर, हे सरगुंडे आहेत. दुसरी म्हणाली, माझ्या मामीकडं करतात. तिसरीनं पाथरी ओळखली. एकेचाळीस मुलींना आपण इटली खातोय ह्याचं हसू आवरेना, आणि पानं भराभर रिकामी झाली. मग खिडकीजवळची एक मुलगी बोट चाटत उभी राहिली.

"सर, इटलीतली लोकं ह्याच्यावर गुळवणी घेतात का?"

सवय वाईट असते. घेतात, सणासुदीला, दक्षिणेकडच्या भागात, असं अख्खं उत्तर सरांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. त्यांनी ते गिळलं. ते गिळायला पाथरीपेक्षा कडू होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "विचारून उद्या सांगतो."

वर्ग डोक्यावर बसला नाही. मुलगी बरं म्हणाली आणि खाली बसून राहिलेली चटणी पुसू लागली.

तास संपल्यावर मुली गेल्या. विजयमालाबाई टेबलाजवळ आल्या आणि पातेल्यात वाकून पाहिलं. तळाला थोडं राहिलं होतं ते त्यांनी परिपत्रकाचा विचार न करता चमच्यानं घेतलं.

"सर, मला मॅट्रिकला गणितात सदतीस मार्क होते," त्या म्हणाल्या. "शिष्यवृत्ती त्यानंच गेली. मुलाखत नावाची होती. पण घरी सदतीस सांगण्यापेक्षा मासा सांगणं सोपं होतं. वडील तुमच्यावर चिडले, माझ्यावर नाही. पंधरा वर्षं मी तो मासा पुढं करत आलेय. त्या दिवशी बैठकीत तुम्ही हसलात, तेव्हा मला फार वाईट वाटलं."

सरांनी फळ्यावरची इटली पुसायला घेतली आणि विचारलं, "ते लोक हसले ते खरं का?"

"ते खरं."

"मग माझं चुकलंच, बाई."

"चुकलंच की," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि चमचा पुन्हा पातेल्यात घातला.

पंधरा दिवसांनी तपासणीचा अहवाल शाळेत आला. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा पडला होता. एकोणीस वर्षांच्या सेवेत सरांच्या नावापुढं पहिल्यांदाच प्रतिकूल शेरा आला होता, आणि त्याचा खुलासा आठ दिवसांत द्यावा लागणार होता. 'विद्यार्थिनींच्या शंकांचे निरसन केले काय?' ह्या रकान्यात लिहिलं होतं: 'नाही. उत्तम.'

सरांनी त्या शेऱ्याची नक्कल मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला.